गॅरेजातले अंड्यांचे ट्रे

नवी गाडी दाखवायला मिलिंदने गॅरेजचं शटर वर केलं आणि मला भिंतीवरचे अंड्यांचे ट्रे दिसले. मिलिंद आमच्या जुन्या बँडचा ड्रमर, सराव इथेच चालायचा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही चौघांनीच ते चिकटवले होते. आवाज जायचाच. शेजारी भांडायला यायचे, तेवढंच कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. समुद्रापासून इतक्या लांब, नाशिकात, आम्ही गिटारवर लाटा वाजवायचो. सर्फ रॉक म्हणे. स्वतंत्र बँड म्हणून मिरवलो, कुणापुढे वाकलो नाही. वाका असं कुणी म्हणालंच नाही.

"अजून काढले नाहीस?" विचारताना माझा आवाज उगाच हळवा झाला.

"असू देत रे," मिलिंद म्हणाला, "गाडीचं दार उघडताना भिंतीला घासत नाही."