ईरम्मा आणि धोतऱ्याचा लेप

मंद्रूपमधला आमचा शेजारी तिप्पण्णा झाडपाल्याचं औषध द्यायचा. धोतऱ्यावर त्याचा भारी जीव. सांधे सुजले की त्याचाच लेप, दमा लागला की त्याच्याच सुक्या पानांचा धूर. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. नाव सांगितलं की औषध मरतं, अशी त्याची पक्की समजूत. म्हणून पाला ओळखू येऊ नये इतका ठेचून द्यायचा, तोही तोंडातून शब्द न काढता. घेणाऱ्यानंही काही विचारायचं नाही. पाला ठेचायची त्याची बायको ईरम्मा. तिलाही बोलायची मुभा नव्हती.

चौऱ्याहत्तर साली पलीकडच्या आळीतल्या जोतीरामचा गुडघा सुजला. त्याच्या आईनं लेपाचा गोळा नेला आणि गुळात कालवून पोराला चारला. वरून लावायचा, हे तिला कुणी सांगितलंच कुठं होतं? थोड्याच वेळात जोतीराम हवेतलं काहीतरी वेचायला लागला, आईला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, "पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय मी औषध कशावर देऊ?"

जोतीरामचा भाऊ भीमा काठी घेऊन आला. त्यानं तिप्पण्णाला अंगणात पाडलं. "नाव सांग!" पाठ फुटली, मनगट मोडलं, तोंडातून रक्त आलं. तिप्पण्णा गप्प. तिकडं माणूस मरत होता आणि हा शहाणा औषध जगवत होता! मला त्याची कीव आली नाही. आजही येत नाही.

ईरम्मा मधे पडली. एक काठी तिच्या खांद्यावर बसली. ती ओरडली, "अय्यो, धोतरा हाय त्यो! धोतरा! पळ, डाक्टरला सांग!"

जोतीराम वाचला.

संध्याकाळी तिप्पण्णानं धड राहिलेल्या हातानं वरवंटा उचलला आणि ईरम्माच्या कपाळावर घातला. "माजं औषध मारलंस तू!"

ती रक्त पुसत म्हणाली, "आन् त्यो मेला असता, मग तुमचं औषध काय चाटायचं व्हतं?"

कपाळाची जखम ओली असतानाच ती डोक्याला फडकं बांधून ओट्यावर बसली आणि स्वतः पाला देऊ लागली. "ह्यो धोतरा. वरनं बांदायचा. पोटात घालायचा न्हाय, इख हाय." येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं सांगायची. लोक गेले की तिप्पण्णा तिला आत ओढून बडवायचा, आख्खी आळी ऐकायची. दुसऱ्या दिवशी ओट्यावरून तिचा आवाज आणखी मोठा यायचा.