साठला हसणारी गाडी

गाडी उभी असो की धावती, भाऊंच्या डाव्या हाताची बोटं गियरच्या गोळ्यावर सारखी वाजत असायची. तबला न येणाऱ्यानं तबला वाजवावा तशी. वळण आलं की तीच बोटं मुठीत यायची, गियर एकानं खाली पडायचा, इंजिन गुरगुरायचं, मी हाताला लागेल ते धरायचो. वळण सरलं की ते माझ्याकडं बघून विचारायचे, "हासली का, मास्तर?"

हसायची ती गाडी. मी नव्हे. "तुम्ही रस्त्याकडं बघा," एवढंच माझं रोजचं उत्तर.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याला देवानं बूड दिलं पण ते टेकवायची बुद्धी द्यायची राहून गेली. आमच्या या गृहस्थांना सगळे भाऊ म्हणायचे. वाशीमच्या कडेला त्यांची बागाईत होती. मेथी, कोथिंबीर, वांगी, टमाटे. सकाळी माल तोडायचा आणि मंगरूळपीरच्या दुकानदारांना नेऊन द्यायचा, हा त्यांचा धंदा. मी तिथल्या शाळेत मास्तर. राहायला वाशीमला, रोजचं अप-डाऊन. एकदा एसटी चुकली म्हणून हात दाखवला तो नेमका त्यांच्या गाडीला. त्यांना ऐकणारा माणूस हवा होता आणि मला वेळेवर शाळा गाठायची होती. तेव्हापासून माझी एसटी सुटली ती सुटलीच.

बाकीचे बागाईतदार माल टेम्पोतून न्यायचे. भाऊंची गाडी होती कोरियन बनावटीची, छोटी, लालभडक, टर्बो इंजिनाची, मागं दोन सायलेन्सर. मागची अर्धी सीट पाडून त्यात कोथिंबिरीच्या जुड्या रचलेल्या. अशा गाडीत पोरं केस उडवत फिरतात. ही फिरायची ती मेथीचा वास सोडत. लोक म्हणायचे, भाऊ, थोडे आणखी पैसे घातले असते तर मस्त उंच गाडी आली असती. त्यावर भाऊ म्हणायचे, "उंच गाडीत मानूस पुढारी दिसते. मले पुढारी कायले व्हायचं? मले वळन पाह्यजे."

त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागायचा. "शंभरले कोन्तीबी गाडी घाबरवते, मास्तर. त्यात काय मोठेपन? साठले जे हासवते, ते खरी." म्हणजे गाडी अंगानं हलकी हवी, गियर मनगटाच्या झटक्यात पडला पाहिजे, आणि चाकाखालचा खडा स्टेअरिंगवरच्या तळहाताला कळला पाहिजे. वेग हा रस्त्याचा मामला, मजा हा हाताचा. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला सायकलपलीकडं काही चालवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच बहुधा मी त्यांना आवडायचो.

गाडी घेण्याआधी ते अकोल्याच्या सगळ्या शोरूम पालथ्या घालून आले होते. जाताना सोबत पिकल्या टमाट्यांचं एक कॅरेट. चक्कर मारायची गाडी मिळाली की डिकीत आधी ते ठेवायचं, मग गाडी पळवायची, आणि परत आल्यावर तळचे टमाटे तपासायचे. शोरूमची माणसं चक्रावून जात. "ते लोकं कागद दाखवतात. टमाटा कागद वाचत नाई," भाऊ म्हणायचे. एक जपानी गाडी करडासारखी उड्या मारत पळाली, पण तळचा थर चटणी होऊन बाहेर आला. एका देशी गाडीत जोर भरपूर, पण तिचा गियर पाडायला दोन्ही हात लागतात की काय असं त्यांना वाटलं. कोरियन गाडीत फक्त दोन-चार टमाटे चेपले, आणि गाडी हसली. सौदा तिथंच ठरला.

राहिली जर्मन. ती होती मंगरूळपीरच्या मेडिकलवाल्याकडं. हा मेडिकलवाला भाऊंचा जुना दोस्त आणि त्याहून जुना वैरी. निळी, नीटस, कुठं ओरखडा नसलेली गाडी. माल टाकून झाला की भाऊ त्याच्या दुकानासमोर चहाला थांबायचे आणि रोज तेच भांडण नव्यानं सुरू व्हायचं.

"अबे, एकडाव दार लावून पाय," मेडिकलवाला म्हणायचा. "धप्प! तिजोरीचा बी असा आवाज येत नाई."

"गाडी दार लावाले घेतली का चालवाले?"

"एकशेवीसले बी आतलं पानी हालत नाई माह्या गाडीत."

"पानी हालत नाई, म्हून तं तुले झोप लागते."

गंमत अशी की इतकी वर्षं भांडूनही दोघांपैकी एकही जण दुसऱ्याच्या गाडीत बसलेला नव्हता. मी एकदा विचारलं, तेव्हा भाऊंची बोटं गियरवर जरा जोरात वाजली. "अन् बसलो, अन् आवडली तं?" ते म्हणाले.

हा अस्वस्थ माणूस वर्षातून एक दिवस मात्र गाडीला हात लावायचा नाही. पोळ्याला. दारातली बैलजोडी विकून कैक वर्षं झाली होती, पण सण सोडायचा कसा? आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी करतात तशी ते गाडीची करायचे. पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणायचं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." एका वर्षी त्यांना वाटलं, गाडीचा खांदा बॉनेट कसा असेल? ओझं तर चाकं वाहतात. म्हणून त्यांनी चारी चाकांच्या आतपर्यंत हात घालून तूप चोळलं. पोळा निघून गेला. करीच्या दिवशी गाडी काढली, उतारावर ब्रेक दाबला, आणि तूप लागलेली गाडी हसतहसत स्वतःच्याच वांग्यांच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. मेडिकलवाल्यानं ते वर्षभर पुरवलं. "कोरियन पोटाले तूप पचत नाई," असं तो येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगायचा.

भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आठवडी बाजाराच्या दिवशी मागं बसायच्या, टोपली मांडीवर घेऊन. गाडीचा काटा पन्नासच्या पुढं गेला की त्या म्हणायच्या, "अवो, कोथमीर घाबरून राह्यली." कोथिंबिरीच्या आडून त्या स्वतःचं सांगतात हे भाऊंनाही कळायचं. काटा खाली यायचा, बोटं मात्र वाजत राहायची.

एका रविवारी भाऊंच्या बहिणीकडं जायला म्हणून आम्ही दोघं जऊळक्याकडं निघालो. रेल्वेचं गेट बंद होतं. बंद गेट म्हणजे भाऊंना शिक्षा. गाडी बंद करून ते बोटं वाजवत बसले होते आणि मालगाडीला शिव्या देत होते. बोलता बोलता शिवी अर्धीच राहिली. मी पाहिलं तर बोटं थांबलेली. इतक्या वर्षांत ती थांबलेली मी पाहिली नव्हती, म्हणून आधी मला फक्त नवल वाटलं. मग त्यांचं अंग ताठ झालं आणि झटके येऊ लागले.

गेट बंद होतं हे आमचं नशीब. मागच्या जीपवाल्यानं मला बाजूला सारून त्यांना सावरलं आणि त्याच जीपमधून आम्ही वाशीम गाठलं. तिथून अकोला. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. गाठीचं भाऊंनी मान हलवून ऐकून घेतलं. गाडीचं त्यांनी दोनदा विचारलं.

मी भेटायला गेलो तर ते गाडीभोवती फेऱ्या मारत होते. दार उघडत होते, लावत होते. "बैलाले वरसातून एक दिवस पोळा असते," ते म्हणाले. "माहा रोजचाच पोळा झाला, मास्तर."

भाऊंचा मुलगा पुण्याला. तो फोनवर म्हणाला, गाडी विकून टाका, माल ऑटोनं पाठवा. भाऊ हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गुपचूप चावी घेऊन अंगणात आले. पाहतात तो ड्रायव्हरच्या सीटवर वहिनी बसलेल्या. मागं मेथी भरलेली.

"काय वं हे? उतर."

"नाई उतरत. तुमी तिकडून बसा. अन् काय काय दाबाचं ते सांगा."

वहिनींनी त्या दिवशी शेताच्या बांधालगतच्या वाटेवर गाडी किती वेळा बंद पाडली याची गिनती नाही. भाऊ क्लचच्या नावानं बोंबलत होते. शेवटी वहिनी म्हणाल्या, "ओरडल्यानं गाडी चालली असती तं आज आपन मंगरूळले पोचलो असतो." पण त्या मागं हटल्या नाहीत. त्यांना गाडीचं वेड नव्हतं. नवरा घरात बसून गंजून जाईल याची भीती होती. हे त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं. रीतसर शिकून, परवाना काढून, पन्नाशीची ही बाई लाल टर्बो गाडी घेऊन मंगरूळपीरच्या रस्त्याला लागली तेव्हा बसस्टँडवरचे चहावाले बाहेर येऊन बघत होते.

आता मी मागं, कोथिंबिरीशेजारी. भाऊ पुढं डावीकडं, मोकळ्या हातांनी. त्यांची बोटं स्वतःच्याच गुडघ्यावर वाजायची. वहिनी चाळीसच्या वर जात नसत. सोयाबीन भरलेला ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला तेव्हा भाऊंनी डोळे मिटून घेतले.

शेलूबाजाराच्या अलीकडं एक लांब, मोकळं वळण आहे. ते जवळ आलं की भाऊ अजिजीला येत. "अवं, एकडाव साठ कर. याच वळनावर. गियर एक खाली घे, अन् सोडून दे तिले."

"तुमी बरे व्हा, मंग तुमीच करा साठ," वहिनी म्हणायच्या, आणि वळण चाळिसानंच सरायचं. रोज हेच मागणं, रोज हेच उत्तर. मला मागं बसून वाटायचं, या बाईनं ते वळण त्यांच्यासाठी राखून ठेवलंय. तेवढ्यासाठी तरी माणूस बरा होईल, असा तिचा हिशेब होता.

पण भाऊ खालावत चालले. बोलताना शब्द सापडेनासे झाले. एका सकाळी मेडिकलवाला दुकानातून उठून आला, स्वतःच्या गाडीचं डावीकडचं दार उघडलं आणि म्हणाला, "बस." यावेळी भाऊ भांडले नाहीत. फक्त टमाट्याचं कॅरेट डिकीत ठेवायला सांगितलं. निळी गाडी अकोल्याच्या बाजूला गेली. दुकान, चहा, शाळा, सगळं विसरून मी रस्त्याकडं डोळे लावून उभा. परत आल्यावर भाऊंनी तळचे टमाटे एकेक काढून पाहिले.

"बोल आता," मेडिकलवाला म्हणाला.

"दार चांगलं लागते," भाऊ म्हणाले, आणि लाल गाडीत येऊन बसले. त्या दिवशी शाळा बुडवून मीही त्यांच्याबरोबरच परत निघालो. गाव मागं पडल्यावर त्यांनी मान वळवून मला हळूच सांगितलं, "एकबी टमाटा फुटला नाई, मास्तर. अन् हासते बी, लेकाची. त्याले सांगू नोका."

तुरी सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत भाऊ गेले. तेरवीला मेडिकलवाला माझ्याशेजारी बसला होता. जेवण समोर तसंच. "त्या दिवशी खरं काय म्हनला तो, मास्तर? तुमाले तं सांगतलं असन." मी म्हणालो, दार चांगलं लागते म्हणाले. तो रडता रडता हसला. "नाईच मानला शेवटलोक," म्हणाला, आणि मग कुठं त्यानं घास उचलला.

मी पुन्हा एसटीनं जाऊ लागलो. गाडी विकली असेल असं धरून चाललो होतो. एका सकाळी बसस्टँडवर ओळखीचा हॉर्न वाजला. वहिनी होत्या. "बसा, मास्तर. मंगरूळचे दुकानदार वाट पाहून राह्यले." मी सवयीनं मागं, कोथिंबिरीशेजारी बसलो. पुढच्या डाव्या सीटवर टमाट्यांचं कॅरेट होतं, वरून पट्टा लावलेला. वाटेत आम्ही बाजारभावाचं बोललो, पाण्याचं बोललो. शेलूबाजार जवळ आलं तसं बोलणं थांबलं.

वळण दिसलं. वहिनींनी गियर एकानं खाली पाडला. इंजिन गुरगुरलं, मागून तो दोन सायलेन्सरचा आवाज उठला, गाडीनं रस्ता धरला आणि काटा साठवर गेला. कोथिंबीर माझ्या अंगावर कलली. समोरच्या कॅरेटमधला एक टमाटा घरंगळून कडेला गेला आणि तिथंच थांबला.

"हासली का, मास्तर?" वहिनींनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला मी कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं. "हासली, वहिनी," मी म्हणालो.

त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. उजवा स्टेअरिंगवर होता, आणि डाव्या हाताची बोटं गियरच्या गोळ्यावर वाजत होती.