कोपरा फाटलेलं कार्ड

गौलीगुड्यात उमाजीनं बावीस वर्षं टपाल वाटलं, पण कुणाला नाही म्हणायला काही तो शिकला नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. याला तर तिनं थेट जेलात नेऊन बसवलं.

कुणाचा मुलगा दुबईत, कुणाची सून माहेरी रुसून बसलेली, सगळं त्याला ठाऊक. चष्मा सापडत नसला की म्हातारे त्याच्याकडूनच पत्र वाचून घेत. शिवाय लोक त्याला आणखी एक काम हळूच सांगत, जे खात्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मयताची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून धाडायची रीत. घरात लग्न निघालं की यजमान उमाजीला बाजूला घेऊन म्हणायचा, "कार्य पार पडेपर्यंत कोपरा फाटलेलं काही आणू नको बाबा." आपलं शास्त्र सोयीचं आहे. बातमी कळली तर सुतक, नाही कळली तर नाही. म्हणून ते कार्ड उमाजीच्या थैलीत पडून राही. कार्य उरकलं की तो आणून देई, घरचे आंघोळ करत आणि मोकळे होत. कुणाचं काही अडलं नाही कधी.

त्र्याण्णव साली मुकुंदरावांच्या दीपालीचं लग्न ठरलं. मुकुंदराव शिक्षण खात्यात हेडक्लार्क, घराणं निजामाच्या काळापासून सरकारी चाकरीतलं. स्थळ नारायणगुड्याचं. मुलगा कंप्युटरवाला, अमेरिकेला जायच्या तयारीत. व्याही एकनाथराव रिटायर तहसीलदार आणि सोवळ्याओवळ्याला असा कडक माणूस की पाहुण्याच्या घरी पाणी पिताना दहादा विचार करील. ही तारीख हुकली तर पुढचे सात महिने मुहूर्त नव्हता, आणि मुलगा तर तीन महिन्यांत जायचा होता.

लग्नाला चार दिवस उरले आणि उदगीरहून कार्ड आलं. मुकुंदरावांचे चुलतभाऊ वारले होते. उमाजी फाटकाशी रिकाम्या हातानं उभा राहिला आणि नुसता थैलीवर हात ठेवला. मुकुंदरावांना कळलं. ते म्हणाले, "असू दे तिथंच. मला काही सांगू नको." मग आत हाक मारून त्यांनी त्याच्यासाठी लाडू मागवला.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी उमाजी कार्ड घेऊन गेला, तर मुकुंदराव म्हणाले, "मांडवपरतणं व्हायचंय अजून. थांब थोडा." आता हा थांबणारा माणूस. थांबला. थांबू नये तिथं थांबणं हाच त्याचा गुन्हा, माझं विचाराल तर.

दोन आठवड्यांनी, मांडवपरतण्याच्या दिवशीच, व्याही ओसरीवर चहा घेत असताना मयताचा मुलगा अनिल डोकं भादरलेला असा येऊन दारात उभा राहिला. "काका, बाबा गेले तर तुम्ही कुणी फिरकला नाहीत. कार्ड तर लगेच टाकलं होतं मी." एकनाथरावांनी कप खाली ठेवला, मनात दिवस मोजले आणि विचारलं, "म्हणजे लग्न सुतकात लागलं?"

"कार्ड मिळालंच नाही," मुकुंदराव म्हणाले. "पोस्टमननं गिळलं असेल."

"मग लेखी तक्रार करा," एकनाथराव म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर."

आणि त्या माणसानं केली. सुंदर वळणदार अक्षरात केली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी पोस्टाचा इन्स्पेक्टर आला. "क्या मियाँ, थैली दिखाव." कार्ड निघालं, मागे इथल्या ऑफिसचा पोचल्या तारखेचा शिक्का. तक्रारीचं काय होतं ते बघायला आलेले एकनाथराव शेजारी उभे होते, म्हणून उमाजी खरं बोलला नाही. पोरीचं नुकतं लग्न झालंय, तिचं कशाला नासवा, असं त्याला वाटलं. "राहून गेलं साहेब, विसरलो," असं त्यानं लिहून दिलं आणि सही केली. मूर्ख कुठला.

त्याला वाटलं होतं, फार तर पगारवाढ रोखतील. पण टपाल चोरलं, दडवलं, फाडलं की फेकलं, खात्याच्या माणसाला कायद्यात एकच कलम, सात वर्षांपर्यंत. एरवी साहेबांनी मिटवलंही असतं. पण कोठीच्या बाजारात तेव्हा कुरिअरची दुकानं पटापट उघडत होती, गिऱ्हाईक तिकडे पळत होतं, आणि वरच्यांना कुणाला तरी धडा शिकवून दाखवायचा होता. केस उभी राहिली.

उमाजीची बायको त्रिवेणी मुकुंदरावांकडे गेली. "तुम्हीच ठेवायला सांगितलं, एवढं बोला कोर्टात," ती म्हणाली, "माझा माणूस सुटंल." मुकुंदराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, माझी मुलगी त्या घरात नांदते आहे." मालकिणीनं तिला उंबऱ्याबाहेरच हळदकुंकू लावलं आणि दार लावून घेतलं.

कोर्टात उमाजीनं शेवटी खरं सांगितलं. सरकारी वकिलानं त्याचा पहिला जबाब वाचून दाखवला आणि मागाहून सुचलेली कथा म्हणून ते उडवून लावलं. मग मुकुंदरावांनी शपथ घेतली. "या माणसाला पत्र वाटण्यापलीकडे मी ओळखत नाही," ते म्हणाले. उमाजी त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

दोन वर्षं सक्तमजुरी झाली. नोकरी गेली, पेन्शन गेलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती. एकनाथरावांना नुसत्या शब्दावर विश्वास नव्हता. मुकुंदरावांना कार्ड मिळालंच नव्हतं, म्हणून लग्न शुद्ध, असं त्यांना कोर्टाच्या कागदावर हवं होतं. त्याशिवाय सुनेच्या हातचं देवाला चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून पोलीस उमाजीला घेऊन निघाले तेव्हा मुकुंदराव व्हरांड्यातल्या खिडकीपाशी निकालाच्या नकलेचा अर्ज भरत होते. एका रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं आणि शिपायाला जरा थांबायला सांगितलं.

"उमाजी," ते म्हणाले, "तुझ्या बापाचं नाव काय रे? इथं लिहावं लागतंय."

"नारबा," उमाजी म्हणाला.

मुकुंदरावांनी ते लिहिलं आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला.