आर्वीचं रक्त, धरणाची मासळी

आर्वीच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा सकाळच होती, पण मे महिन्याचं ऊन डोक्यावर बसलं होतं. मी पुण्याची, दोन हजारच्या दशकात संशोधनासाठी नागपूरला गेलेली. हातात बर्फाची पेटी होती. निरोगी म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या पेशींतले छोटे आरएनए वयानुसार कसे बदलतात, हा माझा विषय. स्टँडवर तर्री-पोहे (तर्री म्हणजे चण्याचा तिखटजाळ रस्सा) खाल्ले आणि डोळे पुसत रामकिसनसेठांचं कापडदुकान गाठलं.

सेठ पंचाहत्तरीचे, शुद्ध शाकाहारी, आजारपण माहीत नसलेले. रक्त द्यायला तयार होते, पण आधी सगळं समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, पेशीत प्रथिनं बनवण्याचे निरोप फिरत असतात. हे छोटे आरएनए स्वतः प्रथिनं बनवत नाहीत. नेमक्या निरोपाला चिकटून त्याला गप्प करतात. म्हणून अस्थिमज्जेतली कोवळी पेशी नीट तयार होते, जंतूशी लढते आणि काम झालं की थांबते. यांचं बिघडलं, तर ती आपल्याच शरीरावर उठू शकते.

सेठांनी विचारलं, "म्हंजे सोता काई करत नाई, फक्त दुसऱ्याले चूप बसवते?"

आतून त्यांच्या पत्नी सुशीलाकाकू म्हणाल्या, "आता समजलं, यायले (यांना) आजार काऊन (का) होत नाई."

सेठांनी मुकाट्याने हात पुढे केला. काकूंनी मला बजावलं, सुई टोचायची ती एकदाच. सेठांना नागपूरला लेकीकडे जायचंच होतं, ते माझ्यासोबत निघाले.

कारंजा (घाडगे) जवळ बसचं इंजिन तापलं आणि सगळे ढाब्यावर उतरलो. पेटी उघडली तर आत नुसतं पाणी. रक्त तापलं की आरएनएचे तुकडे होतात. ढाब्यावर वीज नव्हती, फ्रिज कोमट. शेजारी उभ्या, नागपूरला निघालेल्या टेम्पोतून मात्र गार पाणी ठिबकत होतं. धावत गेले. बर्फ होता, पण त्यात धरणाची मासळी होती.

सेठांनी नाकाला रुमाल लावला. रक्ताच्या नळ्या बंद आहेत, पेटीला झाकण आहे, सगळं सांगून पाहिलं. ते एकच म्हणत होते, "माहं रक्त मच्छीत नाई जाणार."

टेम्पोवाल्या सलीमभाईंनी विचारलं, पेटीत आहे काय. मी बोलण्याआधी सेठच सांगू लागले, अगदी अभिमानाने. ट्रकवाले जमले. सेठांच्या तोंडी माझे आरएनए हवालदार झाले होते, आणि ते सगळे सेठांच्याच रक्तात नोकरीला होते. एकाने विचारलं, हे सासुरवाडीच्या लोकांवर चालतील का.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "एवढं मोठं काम, अन् तुमी मच्छीले घाबरून राह्यले?"

सेठांनी नाकावरचा रुमाल काढला. मग हळूच म्हणाले, "भरा बर्फ. घरी मात्र सांगू नोका."

खवल्यांसकट बर्फ पेटीत आला आणि आम्ही टेम्पोच्या केबिनमध्ये. सेठांनी नागपूरपर्यंत तोंड खिडकीबाहेर ठेवलं. प्रयोगशाळेत आरएनए शाबूत निघाले. माझ्या मार्गदर्शक सरांनी फक्त नाक मुरडून विचारलं, आर्वीला समुद्र कधी आला?

पुण्याला परतल्यावर मी शोधनिबंध लिहिला. त्यात या प्रवासाबद्दल एवढंच आहे, की नमुने थंड ठेवून आणले. प्रवासाला हे वाक्य फारच तोकडं वाटलं, म्हणून हे लिहिते आहे. निबंध झाल्याचं कळवायला सेठांना फोन केला, तेव्हा त्यांनी आरएनएची चौकशीही केली नाही.

"आपन बर्फ घेतला न, त्या भाईची मच्छी खराब झाली असंन म्हून मले झोप नोती," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कारंज्याच्या त्या ढाब्यावर जाऊन भाईले इचारून आलो. सगळी ताजीच विकली."