बांगडा कोमट भातावर

नोव्हेंबर २००६, शनिवार. शर्टांची इस्त्री अर्धी टाकून मी नवऱ्याबरोबर ड्युसेलडॉर्फच्या जपानी हॉटेलात गेले. तिथे काय खायचं ते आचारीच ठरवतो आणि एकेक सुशी हातानं वळून समोर ठेवतो. पहिली आली तेव्हा नवरा बाहेर फोनवर होता. सवयीनं मी थांबले. आचाऱ्याचे हातही थांबले. आता पुढची मिळणार की नाही?

"आत्ता खा, भात कोमट आहे तोवर!" तो जर्मनमध्ये म्हणाला.

खाल्ली. जन्मभर तळून खाल्लेला बांगडा कच्चा इतका गोड लागतो? मला हसूच फुटलं. पुढच्याही हसतहसत संपवल्या.

"अगं, थांबायचं तरी!" नवरा आत येत म्हणाला.

"अहो, मी थांबले असते, सुशी थांबत नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची पहिली गरम बशी मी ओट्याशीच खाल्ली आणि मग सगळ्यांना हाक मारली.