दिराच्या नावाची मूठ

कानबाईचं कौतुक सगळ्यांना असतं, पण तिचा रोट संपवताना कुणी फिरकत नाही. सुरतेत आल्यावर हे मला कळलं, आणि पुरतं कळलं.

आम्ही खानदेशातले. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्यात कानबाई बसते. नारळालाच देवी मानून नथ घालायची, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी नदीवर न्यायचं. नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे आणि घरच्या जात्यावर दळायचे. बायकांची मूठ नसते. उरलेल्या पिठाचे रोट श्रावणी पुनवेच्या आत संपवायचे, तेही फक्त भाऊबंदांनी आणि त्यांच्या बायकापोरांनी. परक्याला कण द्यायचा नाही, गाईलासुद्धा नाही. गावी गल्लीभर भाऊबंद, परात कधी रिकामी झाली ते कळायचंही नाही. इथे सुरतेच्या पर्वत पाटिया भागात एका खोलीत नवरा, सासूबाई आणि मी.

पण सासूबाई मुठी मोजायच्या सगळ्यांच्या. सुरतेत प्लेग आला त्या साली चुलत दीर बायकापोरं घेऊन गावी पळाले, ते परतलेच नाहीत. तरी त्यांच्या मुठी पडायच्या. धाकट्या दिराची तर पडायचीच. दीर सुरतेबाहेर इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला होते. तिथेच त्यांनी ओरिसाकडच्या मुलीशी लग्न केलं. सासूबाईंनी सांगून टाकलं, "तू ये, तिले आनू नको." ते म्हणाले, आलो तर दोघं येऊ. झालं! ते यायचे नाहीत आणि त्यांच्या वाटचा रोट माझ्या पानात यायचा.

मी दिवसभर साड्यांचे धागे कापायची. मान वर करायला सवड नाही, बोटं सुजलेली. त्यात जातं ओढायचं, रोट भाजायचे, आणि मग आठवडाभर तेच कोरडं गिळायचं. नवरा लूमच्या कारखान्यातून यायचा, दोन घास खाऊन आडवा व्हायचा. खरं सांगते, मला दिराची माया वगैरे नंतर सुचली असती. मला आधी जाऊ हवी होती. जातं ओढायला दोन हात, खायला एक तोंड. मग ती ओरिसाची असो नाहीतर आणखी कुठली.

शेजारी दमणच्या एक ख्रिस्ती आंटी राहायच्या. त्यांची मुलं पोर्तुगालला गेली होती. तिथे म्हणे दमणचे सगळे एकत्र जमतात, नाताळला इथल्यासारखंच रांधतात, आपली गाणी म्हणतात. आणि आंटी इथे एकट्या केक करून चाळीत वाटायच्या. मी रोट गिळताना त्या दारात उभ्या राहून हसायच्या. "मेरा तो मैं बाँट देती हूँ. तू तो बाँट भी नहीं सकती!" त्यांना एक तुकडा द्यावा असं फार वाटायचं. पण दिला नाही.

एका श्रावणात सासूबाईंनी मुठी मोजल्या आणि दिराच्या मुठीशी येऊन थांबल्या. "औंदा त्यानी नको," म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं. त्यांना राग आला होता, वाट पाहून थकल्याही होत्या. माझ्या मनात आलं, बरं झालं, तेवढंच कमी. त्या साली रोट पुनवेच्या दोन दिवस आधीच संपला.

आणि पुनवेच्या आदल्या दुपारी दीर आले! सोबत बायको. तिने डोक्यावरून पदर घेतला होता, हातात नारळ होता. सासूबाईंनी दाराकडे बघितलं, बघतच राहिल्या, आणि म्हणाल्या, "बठा." मी आनंदाने चहाचं आधण ठेवलं. वाटलं, सुटले मी!

"माय, रोट दे," दीर म्हणाले. "हिले सांगेल शे, एक घास खाधा का तू आमना घरनी."

"सरना," सासूबाई म्हणाल्या.

"पुनवना पहिलेच? मनी मूठ टाकेल व्हती ना?"

कानबाईच्या रोटाबद्दल खोटं बोलायची सासूबाईंची छाती नव्हती. बाकी कशाबद्दलही त्या सहज बोलल्या असत्या. त्यांनी खाली बघत मान हलवली. नाही.

दीर उठले. ती बिचारी माझ्याकडे बघून विचारते, "क्या हुआ, दीदी?" मी म्हटलं, रोट खतम हो गया. दुसरं काय सांगणार? नारळ खाली ठेवू की परत नेऊ, हे तिला कळेना. शेवटी तिने तो माझ्या हातात दिला आणि दोघं जिना उतरले. चहा उतू गेला तरी सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. रात्री त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

पुढच्या श्रावणात त्यांनी गहू काढले. नवऱ्याची मूठ झाली, पळालेल्या चुलत दिरांच्या झाल्या, धाकट्या दिराची पडली. नंतर हात परत डब्यात गेला.

"ही आता कुणाची?" मी विचारलं.

"तिनी."

जावेची! बाईची मूठ मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. लग्न होऊन आल्यापासून ते जातं मी ओढत होते. मला राग आला, रडूही आलं. सासूबाईंना म्हटलं, "आणि माझी, आत्याबाई?"

त्यांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. "तू ते आठे घरमाच शेस ना," म्हणाल्या, आणि परात माझ्याकडे सरकवली.

मी दळलं. पुनवेच्या दुपारपर्यंत सासूबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. ते आले नाहीत. मग त्या भिंतीकडे वळून निजल्या. नवरा पाळीवर होता. मी पान घेतलं आणि त्या दोघांच्या वाटचं खायला बसले.