गोदूबाईच्या दारचा पाव

कोर्लईच्या इनास मार्तिसची पावाची भट्टी बापापासूनची. सकाळी गरम पाव मोपेडला बांधून तो आसपासच्या गावांत फिरायचा. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, बाकी दिवस पाव. भांडण कुणाशीच नाही.

डोंगराआडच्या गावात गोदूबाई नावाची विधवा राहायची. गावकीने रामजीला बिनविरोध सरपंच ठरवलेलं असताना तिने निवडणुकीचा अर्ज भरला. गावकीने तिला वाळीत टाकलं. नळ तोडला, गिरणीवाल्याने दळण नाकारलं, अंगणात मेलेलं कुत्रं येऊन पडलं. इनास मात्र रोज तिच्या दारात हॉर्न वाजवायचा.

रामजीने त्याला अडवलं. "तू भायेरचा मानूस. तिला पाव द्यायचा न्हाय."

"प्रार्थनेत आम्ही रोजची भाकर मागतो, रामजीभाऊ. ती 'मला' न्हाय, 'आम्हाला' मागतो. त्यातून हिला कशी वगळू?"

दुसऱ्या सकाळी गोदूबाईच्या दारातच रामजीने तिघांना घेऊन त्याला गाठलं. पहिली लाथ मोपेडला बसली. पाव चिखलात गेले.

"उजवा हात दगडावर धरा," रामजी म्हणाला.

दोघांनी धरला. तिसऱ्याने पहार घातली. एकदा, दोनदा. हाडाचा आवाज आला तशा ओट्यांवरच्या बाया आत पळाल्या. गोदूबाई कोयता घेऊन धावली, तर रामजीने केस धरून तिचं तोंड उंबऱ्यावर आपटलं. दोन दात पडले. मग मोपेड पेटवली. धुराशेजारी इनास ओरडत होता. त्यात देवाचं नाव नव्हतं, कापल्या जाणाऱ्या जनावराचा आवाज होता.

इस्पितळात हातात सळई घातली, पण तीन बोटं पुन्हा मिटली नाहीत. घरी पडल्यापडल्या तो बायकोला, कार्मेलीनला, म्हणायचा, "रामजीचा गळा दाबावासा वाटतो. ह्याच हातानं."

"आधी ह्या हातानं पेज तर खा," ती म्हणायची.

पंधरवड्याने गोदूबाई कोर्लईला आली. तोंड अजून सुजलेलं. "पीठ मळता येतं मला," एवढंच बोलली. भट्टी पेटली. इनास टोपली घेऊन एसटीने त्या गावात पुन्हा उतरू लागला. दोनदा दगड बसले. एकदा कपाळ फुटलं.

इनासच्या तक्रारीवरून केस उभी राहिली तसा रामजी भट्टीवर आला. "तुमच्यात माफी देतात ना? मग तक्रार मागं घे."

"माफ केलंय. लय जड गेलं. पण तक्रार माझ्या एकट्याची न्हाय. तिच्या नळाला पानी कुठं हाय अजून?"

अलिबागच्या कोर्टात रामजीच्या वकिलाने सांगितलं, मोपेड घसरून हात मोडला. त्यावर सरकारी वकिलाने पुढची साक्षीदार बोलावली. जयमाला, रामजीची सून.

"मी ओट्यावर होते," ती म्हणाली. "हात धरायला मामंजींनीच सांगितलं."

चौघांना शिक्षा झाली. अपील चालू आहे. जयमालाला त्याच दिवशी घराबाहेर काढलं, आता ती मुरुडला माहेरी असते. गोदूबाईला पाणी मिळालं. निम्मं गाव अजून तिच्याशी बोलत नाही. निम्मं बोलतं.